मुंबई ते नेवार्क अंतर किती आणि वेळ किती: आकडे जुळत का नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे की सांगलीहून आई-बाबा पहिल्यांदाच न्यू जर्सीला मुलीकडे येणार आहेत, तिने मुंबई ते नेवार्क (न्यूयॉर्कला लागूनच असलेलं न्यू जर्सीतलं विमानतळ) थेट फ्लाइट बघितली, नेटवर अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसतं, विमान ताशी नऊशेने जातं असं सगळे म्हणतात, म्हणजे चौदा तास व्हायला पाहिजेत, तर मग जाताना सोळा आणि येताना साडेचौदा का? नकाशात विमान सरळ पश्चिमेला न जाता वर रशियाकडे का वळतं? आणि मध्ये थांबा घेतला तर किती लांबचा फेरा पडतो?

मी २६ वर्षं फ्लाइट डिस्पॅचला काढली, म्हणजे विमान कुठल्या रस्त्याने जाणार, किती उंचीवर, किती इंधन घेऊन, हे जमिनीवर बसून ठरवणारा माणूस. पायलट चालवतो, पण त्याच्या हातात जो प्लॅनचा गठ्ठा असतो तो आमच्या टेबलावरून जातो. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी ते साडेबारा हजार. हा आकडा बरोबर आहे, साधारण १२,५५० किमी, आमच्या भाषेत ६,७७५ च्या आसपास नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी). पण हा आकडा कशाचा आहे ते कोणी सांगत नाही. घरात पोरांचा पृथ्वीगोल असेल तर घ्या, शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपोआप सरकत सरकत वर जातो आणि एका जागी घट्ट बसतो. ती जी रेघ पडते ना, तेवढं ते अंतर. मी नवीन पोरांना ट्रेनिंगला पहिल्या दिवशी हेच करायला लावायचो, त्यातली निम्मी दोरा परत खाली ओढायची, कारण भिंतीवरचा नकाशा डोक्यात इतका पक्का बसलेला असतो.

दोरा कुठून जातो ते बघा. मुंबईतून निघाल्यावर पश्चिमेला नाहीच, उत्तरेकडून जेमतेम सत्तावीस अंश डावीकडे. कच्छच्या बाजूने सिंध, मग कंदाहारच्या आसपास, तुर्कमेनिस्तान, कझाखस्तान, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, फिनलंड, मग नॉर्वेच्या पलीकडचा समुद्र, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून, कॅनडाचा लॅब्राडोर आणि तिथून खाली अमेरिका. वर जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत. आता भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून सरळ रेघ मारा, ती सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरियावरून अटलांटिकमध्ये जाते. दिसायला सरळ, पण मी हिशोब केलाय, ती रेघ सुमारे १४,२०० किमी भरते. म्हणजे 'सरळ' गेलात तर सतराशे किमी जास्त! सपाट नकाशा वरच्या भागाला रबरासारखा ताणतो त्याचा हा परिणाम.

पण त्या दोऱ्यावरून विमान उडत नाही. तसं कोणी उडत असेल तर मला भेटवा.

दोऱ्याच्या वाटेवर काय काय आहे ते परत वाचा. पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना २४ एप्रिल २०२५ पासून बंद झाली, त्याआधी २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होतीच. अफगाणिस्तानावर ऑगस्ट २०२१ नंतर खालून कंट्रोल करणारं कोणी राहिलं नाही. रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना २०२२ पासून बंद, भारतीय कंपन्यांना नाही, म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर कंपनीच्या झेंड्यावर ठरतं! २०२२ च्या मार्चमध्ये एका अमेरिकन कंपनीने नेवार्क-मुंबई थेट सेवा थांबवली ती ह्याच कारणाने, फेरा एवढा वाढला की परवडेना. युक्रेन तर पूर्ण बंद. शिवाय ज्या देशावरून जाल तो देश भाडं घेतो, ओव्हरफ्लाइटचं, टोलनाक्यासारखं.

मुंबईचं एक नशीब आहे, आपल्याला पश्चिमेला लगेच समुद्र मिळतो, अरबी समुद्रावरून ओमान-आखात आणि तिथून वर युरोप. दिल्लीवाल्यांची पंचाईत जास्त झाली. दिल्ली-नेवार्क दोऱ्याने पावणेबारा हजार किमी आहे, म्हणजे मुंबईपेक्षा पाऊणेक हजार किमी जवळ, पण पाकिस्तान बंद झाल्यावर त्यांना आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं, तो फायदा तिथेच संपतो. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेच्या काही फ्लाइट्सना मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागत होतं ते ह्यामुळेच. त्यामुळे 'दिल्लीहून जवळ पडेल ना हो' असं कोणी म्हणालं तर कागदावर हो, आकाशात नाही.

तर मुंबई-नेवार्क प्रत्यक्षात उडलेलं अंतर तेरा हजार किमीच्या आसपास धरा, कधी थोडं कमी, कधी बरंच जास्त.

आता वाऱ्याकडे येऊ, खरी गंमत तिथे आहे. माझं आजोळ दाभोळचं. वाशिष्ठीच्या खाडीत होडी घेऊन वर जायचं असलं की मामा भरतीची वाट बघायचे, वल्ही तीच, माणसं तीच, पण भरती मिळाली की होडी दुप्पट पुढे जाते आणि ओहोटीत त्याच वल्ह्यांनी माणूस नुसता घामाघूम. होडी पाण्यात चालते, किनाऱ्यावर नाही. तसंच विमान हवेत चालतं, जमिनीवर नाही. त्याचा वेग हवेशी मोजलेला असतो. मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या ८४ टक्क्यांच्या आसपास उडतात, वर उणे पन्नास-पंचावन्न डिग्रीत ते ताशी ८९०-९०० किमी भरतं, आपण ८९० धरू. आणि ती हवाच पुढे किंवा मागे सरकत असेल तर? उत्तर गोलार्धात ३०-४० हजार फुटांवर वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यातला जेट स्ट्रीमचा पट्टा हिवाळ्यात ताशी दोनशे-तीनशे किमीने सुद्धा पळतो.

हिशोब करून दाखवतो, आकडे उदाहरणाचे पण खऱ्याच्या जवळचे. अंतर १३,०००. जाताना सरासरी ५० चा वारा तोंडावर, म्हणजे जमिनीवरचा वेग ८४०, वेळ साडेपंधरा तास. येताना तोच वारा पाठीवर, वेग ९४०, वेळ तेरा तास पन्नास मिनिटं. आता दोन्हीला अर्धा-पाऊण तास जमिनीवरचा लावा, आले की नाही तुमचे सोळा आणि साडेचौदा? आणि ह्यात एक बारीक गोम आहे. लोक म्हणतात जाताना गेलं ते येताना मिळालं, हिशोब बरोबर. नाही होत. वारा अजिबात नसता तर दोन्ही मिळून २९ तास १३ मिनिटं लागली असती, वाऱ्याने २९ तास १८ होतात, आणि वारा शंभरचा असेल तर साडेएकोणतीसच्याही पुढे. कारण उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता आणि सुलट्यात कमी वेळ असता. वारा सावकार आहे, घेतलेलं सगळं कधीच परत करत नाही.

हे पृथ्वी फिरते म्हणून होतं असं शिकलेले लोकही ठामपणे सांगतात, खाली पृथ्वी पूर्वेला फिरते त्यामुळे पश्चिमेला जाणारं लवकर पोचायला हवं वगैरे. अहो, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते, आणि तसं असतं तर उलटंच झालं असतं ना, जाताना वेळ कमी लागला असता. चालत्या एसटीत तुम्ही पुढच्या सीटवरून मागे गेलात म्हणून लवकर नाही पोचत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारे कुठे वळायचे ते ठरतं, तेवढाच तिचा हात.

आमच्या धंद्यात म्हणूनच दोन अंतरं असतात, ग्राउंड माइल्स आणि एअर माइल्स. एअर माइल्स म्हणजे विमानाने हवेतून किती कापलं. इंधन त्यावर जळतं, जमिनीवरच्या अंतरावर नाही. ह्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को. दोऱ्याने १२,३७० किमीच्या आसपास. एअर इंडिया ती आधी अटलांटिकवरून न्यायची, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी उलट दिशेने, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेली, सुमारे १५,३०० किमी, चौदाशे किमी जास्त, आणि पोचली साडेचौदा तासात, आधीपेक्षा लवकर! पाठीवर जेट स्ट्रीम होता. आणि पहाटे चारच्या सुमारास दिल्लीहून निघालेली माणसं वाटेत तारीख बदलणारी रेषा ओलांडून त्याच रविवारी सकाळी सॅन फ्रान्सिस्कोला उतरली.

याच्या उलट टोकाचं म्हणजे जानेवारी २०२१ ची सॅन फ्रान्सिस्को-बंगळुरू, कॅप्टन झोया अग्रवाल आणि सगळ्या महिला पायलट, उत्तर ध्रुवावरून. तिथे दोरा खरंच ध्रुवाजवळून जातो, चौदा हजार किमी. ध्रुवावर वाऱ्याची कटकट कमी, पण थंडी एवढी की इंधनाचं तापमान बघत बसावं लागतं, जेट ए-वन उणे ४७ ला गोठायला लागतं.

माझ्या टेबलावरची एक रात्र सांगतो. डिसेंबरचा शेवट, न्यूयॉर्कची फ्लाइट. कॉम्प्युटरने दोन प्लॅन दिले. एक छोटा, एक साडेतीनशे किमी लांबचा, वर उत्तरेला वळसा घालून, पण लांबचा १८ मिनिटांनी लवकर, कारण छोटा बरोबर जेटच्या तोंडात जात होता. मी लांबचा काढला, प्रिंट दिली. कॅप्टन पुण्याचे, अनुभवी माणूस, प्लॅनवर बोट ठेवून म्हणाले, 'काय हो, पेट्रोल फुकट आहे का आज, गाव फिरवून आणताय?' मी काही न बोलता वाऱ्याचा तक्ता पुढे सरकवला, युरोप संपून अटलांटिक सुरू होतो तिथे लागोपाठ चार पॉइंटवर १३०, १४५, १५०, १४० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), सगळा तोंडावर. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, आणि सही करून म्हणाले फिरवा गाव. जाताना मात्र दोन टन इंधन जास्त मागून गेलेच, तो त्यांचा हक्क असतो.

इंधनाचं निघालं म्हणून. अशा प्रवासाला बोइंगचं मोठं विमान, ट्रिपल सेव्हन थ्री हंड्रेड ई-आर, ताशी सात-आठ टन इंधन पिते, टाकी एक लाख ऐंशी हजार लिटरच्या वर. आणि जास्त घ्यावं तर ते वाहून न्यायलाच इंधन लागतं, पंधरा तासांच्या प्रवासाला दहा टन जास्तीचं घेतलं तर त्यातलं तीन-चार टन नुसतं ओझं वाहण्यात जातं. एप्रिल-मे मध्ये मुंबईत हवा तापलेली, गरम हवेत विमानाला उचल कमी मिळते, अशा वेळी वजन बसत नाही मग खालचा कार्गो काढावा लागतो. आणि तो सीझन कशाचा? बरोबर, हापूसचा. आंब्याच्या पेट्या धक्क्यावर राहिल्या की कार्गोवाल्यांचे जे फोन यायचे ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. ह्या लांबच्या फ्लाइट बऱ्याचदा रात्रीच्या असतात त्याला हे एक कारण, हवा गार मिळते, शिवाय पलीकडे सकाळी पोचतात.

तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसते, तो ब्लॉक टाइम असतो, चाकाखालची अडण काढली तिथपासून पलीकडे परत लावली तिथपर्यंत. मुंबईत रात्री रांगेत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, दोन रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे दोन्ही मोकळेपणाने एकदम वापरता येत नाहीत. कंपनी आधीच्या सीझनचे आकडे बघून वेळ ठरवते आणि थोडी जास्तच ठेवते, उशीर झाला असं दिसू नये म्हणून. त्यामुळे कधी कधी 'आपण चाळीस मिनिटं लवकर पोचलो' अशी अनाउन्समेंट होते, सगळे खूश, आणि मग बे, म्हणजे विमान लावायची जागा, रिकामी नाही म्हणून अर्धा तास आतच बसायचं.

थांबा घेऊन किती लांब? हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. मुंबई-दुबई १,९३० किमी, दुबई-न्यूयॉर्क ११,०२०, बेरीज १२,९५०. थेट दोऱ्यापेक्षा चारशे किमी जास्त, बस. मुंबई-लंडन ७,२०० आणि लंडन-नेवार्क ५,५७० च्या आसपास, म्हणजे १२,७७०, अडीचशे किमी सुद्धा फरक नाही. लंडन जवळजवळ वाटेवरच आहे! १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ मुंबईहून लंडनमार्गेच न्यूयॉर्कला जायची. तेव्हा थांबा घेतला तर वेळ आकाशात जात नाही, जमिनीवर जातो. उतरणं, सिक्युरिटी परत, चालणं, तीन-चार तास वाट बघणं, वर एक चढ-उतार. सोळाचे वीस-बावीस तास होतात.

आई-बाबांसाठी मला विचाराल तर थेट फ्लाइटच घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी, पहिल्यांदा येतायत आणि परक्या विमानतळावर गेट शोधत पळणं त्या वयात नको. पण गुडघे किंवा पायाला सूज असा त्रास असेल तर आठ-आठ तासांचे दोन तुकडे बरे पडतात, तेव्हा व्हीलचेअर आधीच बुक करायची, आणि ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते त्या देशाच्या साइटवर बघायचं, एजंटच्या तोंडी हवाल्यावर नाही. अबुधाबीमार्गे गेलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, इकडे उतरल्यावर ती रांग नाही, हा एक फायदा आहे, फक्त मधला थांबा पुरेसा मोठा घ्या.

घड्याळाचं नीट सांगून ठेवा त्यांना. न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ. समजा हिवाळ्यात रात्री २ ला निघाले, तिथे सकाळी साडेसातला उतरले, तिकिटावर दिसतं साडेपाच तास, त्यात साडेदहा मिळवा, सोळा. येताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, दिसतं साडेसव्वीस पण वजा साडेदहा, सोळा नाही का? नाही, थांबा, मीच चुकलो, साडेचौदा यायला हवेत तर मुंबईत दुपारी १ वाजता उतरायला पाहिजे. बघा, २६ वर्षं करून माझंही असं होतं, म्हणून बोटावर करू नका, कागदावर करा.

आणि तारीख! मध्यरात्रीनंतरची फ्लाइट असेल, समजा १५ तारीख रात्री १२.५०, तर घरून १४ ला निघायचं. सांगलीहून तर १४ च्या सकाळीच, पुण्याला जेवायला थांबलात तरी संध्याकाळी मुंबईत, म्हणजे रात्री नऊपर्यंत विमानतळावर. माझे सख्खे साडू, बँकेत मॅनेजर, आयुष्यभर तारखा बघत आले, ते १५ च्या रात्री नऊला डबा, लोणचं, हार वगैरे सगळं घेऊन टर्मिनलवर हजर झाले. विमान तेव्हा पलीकडे पोचून रिकामं झालं होतं. मला फोन केला, की तू त्या लाइनीत आहेस, काहीतरी कर. मी काय करणार, बायकोला म्हटलं भात टाक, माणसं जेवायला घरी येतायत.

सांगली ते तुमच्या दारापर्यंत मोजलं तर आठ तास गाडी, चारेक तास विमानतळ, सोळा विमान, दोन इमिग्रेशन आणि सामान, एक तास तुमच्याकडची गाडी, एकतीस-बत्तीस तास धरा. तेरा हजार किमीचं अंतर त्यातल्या अर्ध्याच वेळात कापलं जातं. वाट बघताना तुम्ही ट्रॅकर लावून बसालच. विमान वर उत्तरेला चाललेलं दिसेल, त्याने घाबरू नका, आणि अटलांटिकच्या मध्यावर ते चिन्ह कधी थिजेल कधी अंदाजाने सरकेल, जमिनीवरचे रिसिव्हर तिथपर्यंत पोचत नाहीत म्हणून. वर सगळं ठीक असतं, आई-बाबा त्या वेळी बहुतेक झोपलेले असतील.